कानात बोलणारा शेजारी

प्रश्न: माझे धाकटे दीर 24 वर्षांचे आहेत. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, कोरडवाहू वावर. गेल्या दिवाळीपासून भाऊजींना शेजारच्या वावरवाल्याचा आवाज ऐकू येतो. त्याच्याशी आमचा धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, जुना वाद आहे. तो माणूस त्याच्या घरी झोपलेला असतो, तरी भाऊजी म्हणतात, “बोलून राह्यला ना थो.” भाऊजी जे करतील त्यावर तो टोमणे मारतो, आईवरून शिव्या देतो. भाऊजींनी कोणालाच न सांगितलेल्या गोष्टीही त्याला माहीत आहेत म्हणे. कानाच्या डॉक्टरांनी कान ठणठणीत सांगितले. डोक्याचा एमआरआय काढला, तोही नॉर्मल. सासूबाईंना ही करणी वाटते. सैलानीच्या दर्ग्याला नेऊ म्हणतात, आणि एकदा लग्न लावून दिलं की सुधरेल असंही म्हणतात. मला समजून घ्यायचं आहे की कोणी बोलत नसताना मेंदू आवाज कसा तयार करतो? आणि आम्ही काय करावं?

उत्तर: ताई, “त्याला नुसतं वाटते, ऐकू-बिकू काही येत नाही” असं घरात कोणी म्हणत असेल तर ते आजपासून थांबवा. तुमच्या दिरांना आवाज ऐकू येतो. 1999 साली जर्मनीतल्या संशोधकांनी असे आवाज ऐकणाऱ्या तीन रुग्णांना स्कॅनरमध्ये झोपवलं, हातात बटण दिलं आणि आवाज केव्हा येतो ते बटणाने कळवायला सांगितलं. आवाज येत असताना मेंदूतला नेमका तोच पट्टा कामाला लागत होता, जिथे बाहेरचा खरा आवाज सगळ्यात आधी पोचतो. बोलणारं तिथे कोणी नव्हतं, पण मेंदूच्या लेखी ते ऐकणंच होतं.

याचं कारण असं की ऐकणं कानात पूर्ण होत नाही. हवेतल्या थरथरीचे विजेसारखे बारीक इशारे करायचे आणि आत पाठवायचे, इथे कानाचं काम संपतं. त्या इशाऱ्यांचा ‘आवाज’ होतो तो कानशिलाच्या आत, मेंदूच्या बाजूच्या भागात. तो भाग कानाशिवाय दुसऱ्या कशाने चेतला तरी माणसाला ऐकूच येणार. कॅनडात मॉन्ट्रियलला वाइल्डर पेनफिल्ड नावाचे सर्जन फिटच्या रुग्णांचं ऑपरेशन त्यांना जागं ठेवून करत, कारण मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही. कानशिलाकडच्या भागाला हलका करंट लावला की काही रुग्णांना गाणं ऐकू येई, काहींना घरच्या माणसांचं बोलणं. आपण ऑपरेशनच्या टेबलावर आहोत हे त्यांना पक्कं ठाऊक असे, तरीही.

एमआरआय नॉर्मल का आला, याचं उत्तरही यातच आहे. साधा एमआरआय मेंदूची बांधणी दाखवतो. गाठ आहे का, रक्तस्राव आहे का, जुना मार आहे का, एवढं त्यातून कळतं. मेंदूचे भाग एकमेकांशी बोलताना कुठे चुकतात ते त्यात उमटत नाही. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे गाठ नाही, ही चांगली बातमी आहे. आजार नाही असा त्याचा अर्थ लावू नका. आणि कोणी पुन्हा एमआरआय काढा म्हणालं तर आधी कारण विचारा. तेवढ्या पैशात कितीतरी महिन्यांच्या गोळ्या येतात.

आता मूळ प्रश्न. बोलतं कोण?

आपण सगळेच दिवसभर मनात बोलतो. बँकेच्या रांगेत उभं असताना कापसाचा हिशेब चालतो. भांडण होऊन गेल्यावर “मी त्याला असं सुनवायला पाहिजे होतं” हे तासभर चालतं. हे बोलणं हवेत जात नाही, पण मेंदूपुरतं ते खरंच बोलणं असतं. डाव्या कपाळामागचा जो भाग तोंडाने बोलताना शब्द जुळवतो, तोच इथेही राबतो. 1861 मध्ये फ्रेंच डॉक्टर पॉल ब्रोका यांनी तो दाखवून दिला, म्हणून त्याला त्यांचं नाव आहे. मनात बोलताना ओठांना आणि घशालाही बारीक इशारे जातात. 1949 साली अमेरिकेतले डॉक्टर लुई गूल्ड यांनी आवाज ऐकणाऱ्या एका रुग्ण बाईंच्या घशातली जवळजवळ न ऐकू येणारी कुजबूज यंत्राने मोठी करून ऐकली. बाईंचे ‘आवाज’ जे बोलत होते, तेच ती कुजबूज बोलत होती. पुढे 1993 मध्ये लंडनच्या संशोधकांना दिसलं की आवाज येत असताना ब्रोकाच्या भागातला रक्तपुरवठा वाढलेला असतो. म्हणजे रुग्णाला ऐकू येतंय, आणि मेंदूचा बोलणारा भाग चालू आहे.

ओपीडीच्या बाकावर नंबराची वाट पाहणाऱ्या लोकांत हे दिसतं, फक्त बघावं लागतं. पन्नाशीचे एक कास्तकार बसले होते, मांडीवर फाईल, मान जराशी कललेली, नजर फरशीवर. खालचा ओठ बारीक हलत होता आणि गळ्याची घाटी वरखाली होत होती. आवाज बिलकूल नाही. मी जवळ जाऊन विचारलं, “काय म्हणते?” ते दचकले नाहीत. “तुमचंच सांगून राह्यला,” म्हणाले, “डॉक्टरले काही सांगू नको म्हणते.” आणि परत ओठ हलायला लागले. बोलणारे तेच आणि ऐकणारेही तेच होते. फक्त बोलणारे आपणच, हे त्यांच्यापर्यंत पोचत नव्हतं.

ते का पोचत नाही? तोंडाने बोला की मनात, बोलण्याचा हुकूम निघतो तेव्हा मेंदूचा बोलणारा भाग त्याची एक नक्कल ऐकणाऱ्या भागाकडे पाठवतो: ‘आता जे येईल ते आपलंच आहे, लक्ष देऊ नको.’ बाजार समितीत कापसाच्या गाडीसोबत काट्याची पावती जाते ना, तशी. पावती हरवली तर माल तोच असतो, पण कोणाचा ते सांगता येत नाही. ही पावती असते याचा पुरावा डोक्यावर तारा लावून घेता येतो. आवाज कानावर पडला की साधारण एक दशांश सेकंदाने मेंदूत एक लहर उठते. आपणच बोलत असलो तर ती लहर दबलेली असते. तेच बोलणं रेकॉर्ड करून आपल्याला ऐकवलं तर ती पूर्ण उठते. असे आवाज ज्यात बहुधा येतात त्या स्किझोफ्रेनिया या मानसिक आजाराच्या रुग्णांमध्ये स्वतः बोलतानाही ती हवी तेवढी दबत नाही, असं पुन्हा पुन्हा दिसलं आहे.

गुदगुल्यांचंही तसंच. स्वतःच्या तळहाताला स्वतः गुदगुल्या करून पाहा, होणार नाहीत, कारण हात हलवण्याआधीच मेंदूला खबर असते. लंडनमध्ये 2000 साली झालेल्या एका प्रयोगात, असे आवाज येणाऱ्या किंवा ‘माझं शरीर दुसराच कोणी चालवतो’ असं वाटणाऱ्या रुग्णांना स्वतः केलेला स्पर्श आणि दुसऱ्याने केलेला स्पर्श जवळपास सारखाच गुदगुल्यांचा वाटला. म्हणजे हा बिघाड फक्त ऐकण्यापुरता नाही. ‘हे मी केलं’ ही जाणीव जिथे बनते तिथला आहे.

आता ‘कोणालाच न सांगितलेलं त्याला कसं माहीत’ हा प्रश्न बघा. तुमच्या सासूबाईंचा करणीवरचा विश्वास बहुतेक याच प्रश्नावर उभा असेल, आणि मला त्याचं नवल वाटत नाही. तुमचे दीर स्वतःही तिथेच अडकले असणार. शेजाऱ्याला माझ्या मनातलं कळतं, म्हणजे त्याने काहीतरी केलंच आहे. पण बोलणारा शेजारी त्यांच्याच मेंदूत आहे म्हटल्यावर त्याला सगळं माहीत असणारच. त्यांनी चोरून ओढलेली बिडी, कोणावर तरी बसलेलं मन, बापाला मनातल्या मनात दिलेली शिवी, काहीच लपत नाही. ‘आता उठला, आता पाणी प्यायला’ असे टोमणेही त्यामुळेच इतके अचूक असतात. आणि शिव्या का? कारण आपल्या सगळ्यांच्या मनातल्या बोलण्यात स्वतःला टोचून बोलणं भरपूर असतं. ‘तुझ्याच्यानं काही होत नाही’ हे आपण स्वतःला म्हणतो तेव्हा वाईट वाटतं. तेच परक्याच्या आवाजात आलं तर तो हल्ला होतो.

इतकं असलं तरी ही पावतीची गोष्ट सगळं उलगडत नाही. पावतीच हरवत असेल तर मनातलं प्रत्येक बोलणं परकं वाटायला हवं, आणि रुग्णाचं तसं होत नाही. शिवाय हा आवाज शेजाऱ्याचाच का, तुमच्या नवऱ्याचा का नाही, याचं उत्तर तिच्यात नाही. ते दुसरीकडे आहे, आणि आपल्याकडच्या माणसाला ते समजायला जड जाऊ नये.

हरभऱ्याच्या दिवसांत रानडुकरांपायी वावरात जागलीला जावं लागतं. मचाणावर एकटा माणूस, अंगावर घोंगडी, हाताशी वाजवायला डबा. पहिल्या प्रहरी वारा हा वाराच असतो. रात्रीचे दोन-अडीच वाजले, थंडी वाढली आणि डोळे मिटायला लागले की तुरीच्या ओळीतली प्रत्येक खसखस डुक्कर होते. कधी लांबून कोणी आपलं नाव घेऊन हाक मारल्यासारखं अगदी स्पष्ट ऐकू येतं. माणूस ‘ओ’ देतो आणि मग गप्प बसतो, कारण हाकेला ओ देऊ नये असं आजीने सांगितलेलं असतं. इथे मेंदूने बिघडून काही केलेलं नाही. तो नेहमीच असा ऐकतो. कानाकडून खबर येईपर्यंत तो वाट पाहत नाही. आता काय ऐकू येईल याचा अंदाज आधी बांधतो आणि कानाच्या खबरीने तो दुरुस्त करत जातो. बाजाराच्या गलक्यात अर्धवट ऐकलेलं वाक्य आपल्याला पूर्ण कळतं ते या अंदाजामुळेच. अंधार, भीती आणि जागरण यांत अंदाज बळावतो आणि कानाची दुरुस्ती कमी पडते. मग जे ऐकायची धास्ती, तेच ऐकू येतं.

आजारात हा तोल दिवसाढवळ्या आणि कायमचा ढळतो. 2017 मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठात याचा सुरेख प्रयोग झाला. लोकांना एक चित्र आणि त्यासोबत एक बारीक सूर, असं पुन्हा पुन्हा दिलं. मग हळूहळू सूर काढून घेतला आणि नुसतं चित्र दाखवलं. आवाज ऐकणाऱ्या लोकांना नसलेला सूर इतरांपेक्षा कितीतरी जास्त वेळा ऐकू आला. या प्रयोगातला माझ्या आवडीचा भाग पुढे आहे. आवाज ऐकणाऱ्यांमध्ये दोन गट होते. एक आजारी माणसांचा. दुसरा, ‘मला पलीकडचं बोलणं ऐकू येतं’ म्हणणाऱ्या पण कुठलाही उपचार न लागणाऱ्या धडधाकट लोकांचा, म्हणजे आपल्याकडे ज्यांच्या अंगात येतं म्हणतात तसल्यांचा. नसलेला सूर दोन्ही गटांना ऐकू आला. पण सूर आता वाजत नाही हे पटवून घ्यायला आजारी माणसांना जास्त जड गेलं. नुसता आवाज येणं आणि आजार, यांच्यातला फरक इथे आहे. धडधाकट माणूस आपला अंदाज मागे घेऊ शकतो.

तेव्हा तुमच्या दिरांच्या बाबतीत मला चित्र असं दिसतं: धुऱ्याच्या वादाने शेजारी मनात घर करून बसला आहे, त्याच्या बोलण्याची धास्ती सतत आहे, आणि मनातल्या बोलण्याची पावती हरवते आहे. त्या बोलण्याला मेंदू हाताशी असलेला मालक जोडतो. पण म्हणून वाद मिटवला की आवाज बंद होईल, अशी आशा धरू नका. वादाने आवाजाला चेहरा दिला, आजार दिला नाही. वाद नसता तर पोलीस बोलला असता, नाहीतर देवी, नाहीतर मेलेला काका. वाद मिटवायचा तर तो वेगळ्या कारणासाठी मिटवा, त्याबद्दल खाली सांगतो.

यात आणखी एक रसायन आहे, डोपामिन. समोरच्या शंभर गोष्टींपैकी कोणती लक्ष देण्याजोगी, यावर ते शिक्का मारतं. या आजारात मेंदूच्या आतल्या काही भागांत ते गरजेपेक्षा जास्त सुटतं आणि नको त्या गोष्टींवर शिक्के बसत जातात. शेजाऱ्याचं खोकणं, त्याने फिरवलेली मान, मनात उमटलेला एक शब्द, सगळंच ‘माझ्यासाठी’ वाटायला लागतं. 1952 साली पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिन हे औषध पहिल्यांदा अशा रुग्णांना दिलं गेलं आणि वर्षानुवर्षे आवाजांनी गांजलेली माणसं शांत झाली. ते डोपामिनचा रस्ता अडवतं हे कळायला पुढे बराच काळ गेला. आजच्या रिस्पेरिडोन, ओलान्झापिन या गोळ्याही मुख्यतः तेच करतात. म्हणून गोळी सुरू केल्यावर आवाज बटण दाबल्यासारखा बंद होत नाही. रुग्ण सांगतात तो क्रम बहुधा असा असतो: आधी “बोलते, पण पहिल्यासारखा घाव लागत नाही”, मग “लांबून बोलते”, मग “कधीमधी”. पहिली पायरी काही दिवसांत येते, पुढच्यांना चार-सहा आठवडे, कधी जास्त. पंधरा दिवसांत ‘फरक नाही’ म्हणून गोळ्या सोडणारी घरं या पहिल्या पायरीकडे दुर्लक्ष करतात.

हा आजार कोणाच्या शापाने होत नाही आणि सासूबाईंच्या वाढवण्यातली चूक म्हणूनही होत नाही. घराण्यातून थोडा कल येतो, मेंदूच्या वाढीतला थोडा भाग असतो, गांजा ओढणाऱ्या पोरांत धोका वाढतो. मुलांमध्ये तो बहुधा विशीच्या आसपास डोकं वर काढतो. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात आयुष्यात कधी ना कधी स्किझोफ्रेनिया किंवा त्या गटातला आजार झालेले लोक 1.4 टक्के निघाले. तुमच्याच पंचक्रोशीत किती घरं होतील, तुम्हीच हिशेब करा. ती दिसत नाहीत, कारण दारं लावलेली असतात.

मात्र आवाज ऐकू आला म्हणजे हाच आजार, असंही नाही. वेल्समधले डॉक्टर रीस यांनी 1971 मध्ये जवळपास 300 विधवा-विधुरांना विचारलं. निम्म्याच्या आसपास लोकांना गेलेल्या जोडीदाराची चाहूल लागत होती, आणि शंभरातल्या तेरांनी त्याचा आवाजही ऐकला होता. बहुतेकांनी ते कोणाला सांगितलंच नव्हतं. आपल्या भागात धनी गमावलेल्या कितीतरी बाया आहेत. सांजवेळी बैलजोडी सोडताना त्याची हाक येते, असं एखादी सांगेल. तिला गोळी नको, तिचं ऐकून घेणारं कोणी हवं. म्हातारपणी कान गेलेल्या माणसांना भजन नाहीतर बँड ऐकू येतो, तेव्हा आधी कानाचं यंत्र बघावं.

काही आवाज मात्र घाईचे असतात. रोज पिणाऱ्याची दारू अचानक तुटली आणि दोन-तीन दिवसांत हात थरथरून, घाम फुटून, दिवस-रात्रीचं भान सुटून भास सुरू झाले तर तो तातडीचा रुग्ण आहे, त्याला त्याच रात्री दवाखान्यात न्यायचं. फवारणीची विषबाधा झाली, तोंडाला फेस आणि डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या झाल्या, तरीही तेच. विषबाधेच्या वॉर्डात अॅट्रोपिन या उताऱ्याच्या औषधाची मात्रा चढली की रुग्ण हवेतले धागे वेचायला लागतो आणि नातेवाईक अंगारा शोधायला धावतात. ते औषधाचं काम असतं, मात्रा कमी केल्यावर उतरतं. धोतऱ्याचं बी पोटात गेलं तरी हेच दिसतं. या सगळ्यांत माणूस गोंधळलेला असतो, आपण कुठे आहोत ते त्याला कळत नाही. तुमचे दीर तसे वाटत नाहीत. वार, गाव, माणसं सगळं ठाऊक आहे, बाकी बोलणं नीट आहे, आणि महिने उलटले तरी एकच आवाज टोमणे मारतो आहे. मी त्यांना तपासलेलं नाही, म्हणून निदान लिहीत नाही. पण मानसोपचारतज्ज्ञाला दाखवायला आता आणखी एक हंगाम जाऊ देऊ नका. जिल्हा रुग्णालयात, यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, किंवा वर्ध्याकडे सेवाग्राम-सावंगीला हा विभाग आहे. रात्री-बेरात्री काही विचारायचं झालं तर टेलि-मानसचा 14416 हा फुकटचा नंबर आहे, मराठीत बोलतात.

घरी काय करायचं, त्यात सगळ्यात आधी हे: आवाज काय करायला सांगतो, ते त्यांना विचारा. विचारल्याने काही वाढत नाही. नुसते टोमणे असतील तर एक गोष्ट. ‘फवारणीचं औषध पी’, ‘विहिरीत उडी मार’, ‘त्याला संपव’ असे हुकूम असतील तर दुसरी, आणि मग अपॉइंटमेंटची वाट पाहायची नाही. काहीही असलं तरी फवारणीचे डबे आजच घरातून हलवा. आपल्याकडे ते खाटेखाली नाहीतर न्हाणीच्या फळीवर असतात. कुलूप लावून ठेवा, किल्ली दिरांच्या हाती लागू देऊ नका. कुऱ्हाड-विळेही नजरेआड. आणि शेजाऱ्याला तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्याने जाऊन शांतपणे सांगावं की पोरगा आजारी आहे, काही बोलला तर तोंडाला लागू नका. वाद मिटवायचं मी म्हटलं ते याच्यासाठी. इथे इज्जतीचा विचार करत बसलात तर एखाद्या दिवशी धुऱ्यावर डोकी फुटतील आणि मग सगळ्या गावालाच कळेल.

बोलताना “कोणी नाही तिथं, येडा झाला का” असं म्हणू नका. “हो, मलाही ऐकू येते” असं खोटंही बोलू नका. “मला ऐकू येत नाही, पण तुम्हाला येतंय आणि त्याचा त्रास होतोय, हे मला दिसतंय” एवढं पुरतं. आवाज चढला की त्यांना काहीतरी गुणगुणायला सांगा, भजन, सिनेमाचं गाणं, जे येत असेल ते. 1987 मध्ये एका अभ्यासात 18 रुग्णांना नुसतं तोंड मोठं उघडून ठेवायला सांगितलं, तर 14 जणांचे आवाज तेवढ्यापुरते थांबले. बोलणारे स्नायू गुंतले की मनातल्या बोलण्याला जागा उरत नाही, हे त्यामागचं कारण मानतात. सगळ्यांना लागू पडत नाही, औषधाच्या बदल्यात तर नाहीच. पण फुकट आहे.

आवाजाचा स्वभाव घराप्रमाणे बदलतो, हे सासूबाईंना सांगण्यासारखं आहे. कॅलिफोर्निया, घानातलं अक्रा आणि आपलं चेन्नई इथल्या वीस-वीस रुग्णांशी बोलून 2015 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अमेरिकेतल्यांचे आवाज मारझोड आणि रक्ताच्या गोष्टी बोलत. चेन्नईतल्या निम्म्याहून अधिक लोकांना घरच्यांचे आवाज येत, आणि ते आवाज कामं सांगत. आजार तोच होता. भरल्या घरात, वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात वाढलेल्या माणसाचा आवाजही बहुधा तसलीच भाषा उचलतो.

सैलानीचं विचारलंत. जायचं तर जा. तिथे बसून कोणाच्या आईचं मन हलकं होत असेल तर मी आड येणार नाही. बुलढाण्याच्या बाजूचे माझे कितीतरी रुग्ण दर्ग्यालाही जातात आणि गोळ्याही घेतात. दोनच अटी आहेत. गोळ्यांची पिशवी सोबत न्यायची, एक डोस चुकवायचा नाही. आणि बांधायचं नाही, मारायचं नाही, एकट्याला तिथे सोडून यायचं नाही. 2001 मध्ये तमिळनाडूतल्या एरवाडीला साखळीने बांधलेले 28 रुग्ण आगीत जळून मेले, त्यांना पळताही आलं नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला साखळी लावायला मनाई आहे, आणि भूत काढायच्या नावाखाली मारहाण करणं हा महाराष्ट्रात 2013 पासून गुन्हा आहे. गावातल्या भगताला हे ठाऊक नसेल तर तुम्ही सांगा.

औषध सुरू झालं की अंग कडक होणं, हात थरथरणं, झोप, वजन वाढणं यांतलं काही दिसेल. डॉक्टरला सांगा, गोळी बदलता येते. दोन वेगवेगळ्या औषधांनी नीट फरक पडला नाही तर क्लोझापिन आहे, त्याला नियमित रक्त तपासावं लागतं. बरं वाटलं म्हणून तूर सोंगायच्या वेळी गोळ्या बंद केल्या आणि पुढच्या पावसाळ्यात आवाज परत आला, हे मी इतक्या घरांत पाहतो की आता पहिल्याच भेटीत सांगून टाकतो. आणि आपल्या उन्हाळ्याचं एक. या गोळ्यांनी, त्यातही थरथर थांबवायला जी दुसरी गोळी देतात तिने, घाम कमी येतो आणि अंग तापतं. 45 अंशांच्या दुपारी अशा माणसाला वखरणीला लावू नका. सकाळी दहाच्या आत घरी, पाणी-ताक भरपूर. अंग तापून बरळायला लागला तर त्याला आवाजाचा झटका समजू नका, तो उष्माघात असू शकतो.

लग्न हे औषध नाही. उलट लग्नाची दगदग, जागरणं आणि नवं माणूस, यांनी नुकता बसलेला आजार उसळतो. एक-दोन वर्षं प्रकृती टिकली, गोळी नियमित आहे, कामात लक्ष आहे, तर लग्नाचा विचार जरूर करा. अशी माणसं नीट संसार करतात. पण मुलीकडच्यांना आधी सांगून, गोळ्यांची चिठ्ठी दाखवून. लपवून केलेल्या लग्नात नवऱ्या मुलाला सगळ्यात आधी गोळ्या लपवाव्या लागतात, आणि लपवलेल्या गोळ्या चुकतात. सध्या सासूबाईंना एवढंच म्हणा की स्थळं बघणं दिवाळीनंतर, आधी दवाखाना. पहिल्या भेटीला कानाचे कागद आणि एमआरआयची फाईल घेऊन जा, आणि आवाज केव्हा सुरू झाला, केव्हा वाढतो, झोप किती, दारू-गांजा काही आहे का, हे एका कागदावर लिहून न्या. ते तुम्हीच लिहा. घरात त्यांच्याकडे नीट बघणारं माणूस तुम्हीच दिसता.